ओसरीवरचं गिऱ्हाईक

आमच्या घरी संध्याकाळी फोन यायचा तो ओसरीवरून. मी आतल्या खोलीत लॅपटॉपपुढं, वडील बाहेर ओसरीवर, मध्ये एक भिंत. वडिलांना मी आप्पा म्हणायचे. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज तसाही ऐकू यायचा, आणि मग तोच आवाज मोबाईलमधून, जरासा मागं राहून.

"हॅलो म्याडम, आमचा प्रिंटर कागद चावतोय."

"नमस्कार सर. कधीपासून होतंय हे?"

"सर न्हाई, मी बाई हाय. आवाज घोगरा हाय माजा."

मी हसले की ते चिडायचे. कंपनीत असं हसलीस तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील, म्हणायचे. मग पुन्हा पहिल्यापासून फोन.

मी तेव्हा आयटी सपोर्टच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. कंपन्यांमध्ये कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की ज्याला फोन लावतात, त्या माणसाची परीक्षा. या धंद्यातली सगळ्यात खालची पायरी, पण आमच्या काष्टीतून बघितलं की तीही बरीच वर दिसायची. श्रीगोंद्याला बी.कॉम. करून मी घरी बसले होते. घरी बसलेल्या मुलीबद्दल लोक दोनच प्रश्न विचारतात, आणि दोन्ही प्रश्न मला विचारत नाहीत, आईला विचारतात.

परीक्षेचं खूळ आप्पांचंच. थोडी शेती सांभाळून ते गावातल्या दूध संकलन केंद्रावर कामाला होते. तिथं फॅट काढायच्या मशीनला कॉम्प्युटर जोडलेला. तो अडला की नगरहून माणूस यायचा, म्हणजे यायचा तेव्हा यायचा. तोवर दूधवाल्यांची रांग आणि त्यांच्या शिव्या आप्पांच्या वाट्याला. तो माणूस यायचा, दोन वायरी काढायचा, परत बसवायचा, चहा प्यायचा, जायचा. "हे तर आपली पोरगी बी करील," असं आप्पा एकदा घरी येऊन म्हणाले, आणि मग ते त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही. त्यांना वाटलं होतं दोन वायरी आहेत. निघालं ते हे जाडजूड इंग्रजी पुस्तक.

मला ते पुस्तक सुरुवातीला अजिबात आवडलं नाही, उगाच खोटं कशाला बोला. केबलींचे प्रकार, मेमरीचे प्रकार, लेसर प्रिंटरच्या पोटात कागदाचं काय काय होतं त्याच्या पायऱ्या. पोर्ट नंबर तर नुसते पाठ करायचे. आप्पांना गावातल्या निम्म्या जमिनींचे गट नंबर तोंडपाठ होते. ते एक गट नंबर सांगायचे, मी एक पोर्ट नंबर सांगायचा, जो अडकेल त्यानं उठून पाणी आणायचं. पाणी मीच आणायचे.

त्यांना खरा रस वाटला तो बिघाड शोधायच्या पद्धतीत. ती मी त्यांना मराठीत सांगितली. आधी गिऱ्हाईकाला बोलू द्यायचं. त्याच्यावर खापर फोडायचं नाही. 'तुम्ही काय केलंत' असं न विचारता 'शेवटचं नीट कधी चालत होतं' असं विचारायचं. मग अंदाज बांधायचा, तो तपासायचा, आणि एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं दुरुस्त झालं ते कधीच कळत नाही. आणि शेवटी गिऱ्हाईकालाच विचारायचं, झालं का तुमचं काम? तो हो म्हणाला तरच काम संपलं. यात आप्पांनी आपलं एक कलम घातलं : गिऱ्हाईकानं फोन ठेवायच्या आधी आपण ठेवायचा नाही.

'एका वेळी एकच बदल' हे तर त्यांनी घरभर लावलं. आईनं एकदा चहाची पावडरही बदलली आणि दूधही, तर हे कप हातात धरून म्हणतात, "आता चव कशानं गेली ते कोन सांगनार?" आईनं कप हातातून काढून घेतला. आमच्या या फोनाफोनीला ती 'येड्यांचा कारखाना' म्हणायची. एका छपराखाली बसून बाप-लेक एकमेकांना फोन लावतात, बाहेर कळलं तर सोयरीक जमायची नाही, असं तिचं म्हणणं. पण मेथी निवडायला म्हणून ती रोज त्याच वेळी ओसरीवर येऊन बसायची, हेही मी बघितलं होतं.

खेळ असा होता की बिघाड काय आहे हे आप्पा आधीच मनात धरायचे आणि मी प्रश्न विचारून तो शोधायचा. गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची असायची. कमी ऐकू येणारे गुरुजी, घाईतले सोसायटीचे सेक्रेटरी, नुसतंच रडणारी एक बाई. आप्पा सोंग कधी सोडायचे नाहीत. परीक्षेची तारीख घेतली, नगरचं सेंटर मिळालं, आणि त्यांच्या गिऱ्हाईकांचे बिघाड जास्तच अवघड व्हायला लागले.

शेवटचा फोन मला पुरता आठवतो. गिऱ्हाईक दूध केंद्रावरचं होतं.

"म्याडम, काम्पुटर चालू हाय. पंखा घुमतोय. पन म्होरं काय बी दिसंना."

मी विचारलं, मॉनिटरची लाईट लागलीय का?

"ती बी दिसंना."

बटण दाबलं का? दाबलं. वीज येतेय का? येतेय. केबल घट्ट आहे का? घट्ट आहे. दुसरा मॉनिटर लावून बघता का? "दुसरा कुठनं आनू, तुमच्या घरनं?" मेमरी काढून बसवा म्हटलं, बसवली. माझं सगळं पुस्तक संपलं. आणि ते मधूनमधून तोंडावर हात धरून हसतायत हे मला भिंतीतून कळत होतं. मला चीड आली. मी म्हटलं, "आप्पा, सांगून टाका."

"कोन आप्पा? हितं कोन आप्पा न्हाई."

तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. आप्पा म्हणाले, "होल्डवर ऱ्हावा म्याडम. भाकरी खाऊन येतो." जेवताना मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, "विचार कर. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर कॅन उतरवताना त्यांच्या छातीत कळ आली. दौंडला न्यायला गाडीत घातलं, पण दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. त्यांना आणलं तेव्हा त्यांच्या शर्टाला दुधाचा वास येत होता. मी त्यांच्या उशाशी बसले आणि माझ्या डोक्यात, देवाशपथ, फक्त एवढंच चाललं होतं की मॉनिटर नाही, केबल नाही, मेमरी नाही, मग काय? मला माझीच लाज वाटली. पण ते थांबेना.

मग माणसं भेटायला यायला लागली. दाराशी आली की बायका मोठ्यानं रडायच्या, आई त्यांच्या गळ्यात पडायची, मग चहा, मग गप्प बसणं. उठताना जवळजवळ प्रत्येकजण म्हणायचा, पोरीचं तेवढं राहून गेलं. पुस्तक मी पेटीत टाकलं होतं. घरात सुतक असताना ते उघडायचं नसतं असं काही कुणी सांगितलेलं नाही, पण हात जाईना.

दहाव्याला नदीवर गेलो. आमच्याकडं दशक्रियेला सारा गाव लोटतो. महाराजांचं प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. एकानं आप्पांना सहकार क्षेत्रातला आधारवड म्हटलं. आप्पा असते तर घरी येऊन त्याची नक्कल केली असती. हे मला सुचलं आणि सांगायला मी वळले, तर शेजारी आई होती.

मला भाऊ नाही, म्हणून सगळं काकांनी केलं. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. पिंड ठेवला, त्याच्याभोवती आप्पांच्या आवडीचं मांडलं : चहा, भजी, बाजारातली गोडी शेव. लोक मागं सरकले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की कावळा पिंडाला शिवत नाही, असं मानतात. मग जवळची माणसं एकेक वचन देत जातात, आणि त्यातल्या ज्या वचनाला कावळा शिवेल ती त्याची इच्छा.

काका हात जोडून उभे राहिले. "दादा, रान इकनार न्हाई." कावळा आला नाही. "वैनीला अंतर देनार न्हाई." एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून बघितलं, परत गेला. ऊन चढायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, आता दर्भाचा कावळा करा आणि पिंडाला शिववा. भटजींनी दर्भ हातात घेतलाही.

तेव्हा काका मोठ्यानं म्हणाले, "पोरीचं लगीन वर्साच्या आत लावतो दादा! थाटात लावतो!"

त्याच वेळी माझ्या तोंडून निघालं, "आप्पा, परीक्षा देते मी."

आणि आईनं पदर तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटलं.

कावळा सरळ खाली आला. पहिली शेव उचलली, मग पिंडाला चोच लावली. लोकांनी सुस्कारा सोडला. काका लहान मुलासारखे रडायला लागले आणि त्यांना चार जणांनी धरलं. घरी परतेपर्यंत गावभर झालं होतं की आप्पांचा जीव पोरीच्या लग्नात अडकला होता.

एका वेळी एकच बदल. तिथं तीन झाले होते. माझा कावळ्यावर विश्वास आहे की नाही हे मला आजही धड सांगता येणार नाही, पण असेल तर त्यानं कुणाचं ऐकलं?

काका वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगते. भावाला दिलेला शब्द त्यांच्या मानेवर बसला होता. आईबापात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं त्यांनी तेराव्यानंतर लगेच स्थळं बघायला सुरुवात केली. दौंडकडचं एक चांगलं स्थळ आलं. मुलगा साधा होता, माणसं बरी होती, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. सुपारी फोडायचा दिवस त्यांनी सुचवला तो नेमका माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी. मी काकांना म्हटलं, परीक्षा होऊ द्या, मग बघू.

"परीक्षा काय, नंतर बी देता यील. ती मानसं न्हाई म्हनत न्हाईत."

तारीख पुढं ढकलता आली असती, मला माहीत होतं. पण लग्नाच्या घरात पुढं ढकललेली वस्तू कुणाच्या हाती परत लागत नाही, हेही माहीत होतं. मी म्हटलं, "काका, घाटावर मी पण बोलले होते. परीक्षा देते म्हणाले होते. कावळा त्यालाही शिवला असेल."

"कावळ्याला काय तुजी परीक्षा कळती?"

"मग लग्न कळतं?"

काकांनी टोपी काढून हातात धरली. मग हळू आवाजात म्हणाले, "तू बोलायला हुशार हायेस. पन मी त्यो डोळ्यांनी बघितलाय, पोरी." त्यांचे डोळे भरले होते. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी उठून आत गेले.

आईला मी दोनदा विचारलं की तू काय म्हणाली होतीस. "काय न्हाई," एवढंच. आप्पा गेल्यापासून ती संध्याकाळी ओसरीवर बसायची बंद झाली होती. मेथी आत चुलीपाशी निवडायची. मी पुस्तक पेटीतून काढलं होतं, पण अभ्यास होत नव्हता. संध्याकाळ झाली की मी उगाच फोन समोर ठेवून बसायचे. मला आप्पांची आठवण यायची असं म्हणणं खोटं होईल, कारण आठवण जाऊन परत येते, आणि हे तर जातच नव्हतं. कधीकधी मला त्यांचा रागसुद्धा यायचा. एवढा मोठा माणूस, एक उत्तर सांगून जायला काय झालं होतं?

दौंडकडच्यांना होकार कळवायला काका दुसऱ्या दिवशी जाणार होते. त्या संध्याकाळी मी पुस्तक पुढ्यात घेऊन बसले होते आणि एकही ओळ डोक्यात शिरत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. बघते तर आप्पांचा नंबर. त्यांचा मोबाईल देवळीत पडून असायचा, माझ्या मते कुणी त्याला हात लावत नव्हतं. मी फोन कानाला लावला.

पलीकडं कुणी बोलेना. नुसता श्वास. भिंतीपलीकडं ओसरीवर बांगड्या वाजल्या.

"हॅलो," आई म्हणाली. मग थांबली. मग घाईघाईनं, पाठ केल्यासारखं, "म्याडम, काम्पुटर चालू हाय. पंखा घुमतोय. पन म्होरं काय बी दिसंना."

आईनं जन्मात कधी हा खेळ खेळला नव्हता. फोनवर ती नेहमी ओरडून बोलायची, आता आवाज इतका बारीक होता की मी भिंतीला टेकून बसले.

"नमस्कार ताई," मी म्हटलं. "शेवटचं नीट कधी चालत होतं?"

"काल सांजच्याला."

"मग रात्री काय झालं?"

"मीच बंद केला. रोजच्यासारकं." ती जरा थांबली. "बंद करून झाकला."

मी सरळ होऊन बसले. दूध केंद्रावरच्या त्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जाड प्लास्टिकचं कव्हर होतं. दुधाचे शिंतोडे आणि माश्या नकोत म्हणून केंद्र बंद करताना ते घालायचं, आणि सकाळी पहिल्या कामाला ते काढायचं. ते आईनंच शिवून दिलं होतं, खताच्या गोणीच्या आतल्या प्लास्टिकच्या कागदाचं, कडेला लाल पट्टी लावून. मी कितीदा बघितलं होतं ते.

"ताई," मी म्हटलं, "कव्हर काढलंय का?"

पलीकडं आई हसली. हसली आणि त्याच श्वासात तिला हुंदका आला. "न्हाई वं म्याडम. तेच न्हाई काढलं."

मीही हसले. मग आम्ही दोघी रडलो, एकमेकींना दिसत नव्हतो म्हणून मनसोक्त.

"त्यांनी मला त्याच राती सांगितलं हुतं," आई म्हणाली. "भाकरी खाता खाता, तू हात धुवाया गेल्तीस तवा. म्हनले, पोरगी आख्खं पुस्तक इचारील, पन हे न्हाई इचारायची. लई हसत हुते."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला त्यांच्यावानी बोलाया येत न्हाई. रोज त्यांचा फोन चार्जिंगला लावायची, हातात घ्यायची, ठिवून द्यायची." मग म्हणाली, "घाटावर त्येच म्हनले हुते मी. तुमी जावा आता. तिचं गिऱ्हाईक मी व्हईन."

बाहेर रस्त्यावरून दुधाचा टेम्पो गेला.

काकांशी आई दुसऱ्या दिवशी सकाळी बोलली, स्वैपाकघराच्या दारात उभं राहून, डोक्यावर पदर घेऊन. "भावजी, त्यांना न्हाई म्हनून कळवा. कावळा कुनाच्या बोलन्यावर शिवला, ते मला म्हाईत हाय." इतकंच. काकांनी तिच्याकडं बघितलं, टोपी घातली आणि निघून गेले. बरेच दिवस ते आमच्या घरी चहा घेत नव्हते. परीक्षा मी दिली, पास झाले, आता नगरला एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर बसते. वर्ष उलटलं आणि लग्न राहिलं. आई गावात एकटी आहे, आणि हे मला बोचतं. निकालाचा कागद मी आप्पांच्या फोटोखाली ठेवला तेव्हा ज्याला आनंद व्हायचा तोच माणूस घरात नव्हता. पास होण्यात असं काही असतं, हे पुस्तकात नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळचा फोन अजून चालूच होता. रडून झाल्यावर आम्ही दोघी नाकं पुसत बसलो होतो. मला वाटलं, पद्धतीनं व्हावं. आप्पांना ते आवडलं असतं. मी आवाज नीट केला.

"ताई, आता दिसतंय का सगळं?"

"दिसतंय."

"काम झालं ना तुमचं? मग ठेवा फोन तुम्ही."

भिंतीपलीकडं काही हललं नाही. ओसरीवर अंधारून आलं होतं, दिवा लावायचा होता, आणि एरवी ती एव्हाना उठून आत आली असती.

"म्याडम," आई म्हणाली, "मला न्हाई ठिवायचा."